गावच्या सड्याचं ऑनलाइन प्रदर्शन कसं उभं करायचं

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. आमच्या सड्यापुढे सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिलंय, म्हणजे पीक न येणारी जमीन. आणि त्याच सड्यावर श्रावणात जांभळ्या रंगाची चादर पसरते, त्याच सड्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कातळात चित्रं कोरून ठेवलीत, त्याच सड्यात मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या विहिरींना येतं आणि आमची घरं, गडगे (दगडी कुंपणं), पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) सगळं त्याच्याच चिऱ्यांचं, म्हणजे कापलेल्या दगडांचं आहे. मी राजापूर तालुक्यातला. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून आम्ही आमच्या सड्याचं एक छोटं ऑनलाइन प्रदर्शन केलं, दोन पावसाळे त्यात गेले. तेव्हापासून बरेच जण विचारतात की कसं केलं, आम्हालाही आमच्या गावाचं करायचंय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं कोकणातली देतोय कारण मला तीच माहिती आहेत पण पद्धत तुमच्या देवराईला, तळ्याला, नदीकाठाला पण लागू होईल.

सगळ्यात आधी, 'आपल्या जिल्ह्याचा निसर्ग आणि संस्कृती' असा विषय घेऊ नका. असं प्रदर्शन कधीच पूर्ण होत नाही आणि झालंच तर त्यात सगळीकडे मिळणारे तेच फोटो असतात, समुद्र, आंबा, किल्ला, दशावतार. एक जागा घ्या जिथे तुम्ही चालत जाऊ शकता आणि वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी जाल. आणि निसर्गाचा एक विभाग, संस्कृतीचा दुसरा विभाग अशी वाटणी पण करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. सड्यावर ती वाटणी नसतेच. फोटोग्राफर लोक ज्याला 'मिकी माउस' म्हणतात ते पिवळं फूल स्मिथियाचं, आणि त्याच कुळातल्या कवल्याची आमच्याकडे पावसाळ्यात भाजी होते, मग हे फूल निसर्गात टाकणार की स्वयंपाकघरात? आम्ही एकाच पानावर दोन्ही ठेवलं, फुलाचा फोटो आणि भाजी निवडणाऱ्या हातांचा फोटो, आणि सगळ्यात जास्त लोक त्याच पानावर थांबतात.

वस्तू किती? पंचवीसच्या वर जाऊ नका. 'वस्तू' म्हणजे इथे एक फूल, एक कातळशिल्प (कातळात कोरलेलं चित्र), एक इरलं (पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन), एक गोष्ट, एक आवाज, एक जुना फोटो. आम्ही सुरुवातीला सत्तर काढल्या होत्या, त्यातल्या बावीस ठेवल्या.

यादी घरात बसून करू नका, सड्यावर चालत चालत करा आणि बरोबर असा माणूस न्या ज्याने तिथे गुरं राखलीत. तुम्हाला नुसता कातळ दिसतो, त्याला प्रत्येक खळग्याचं नाव माहीत असतं, कुठे मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं, कुठे माळटिटवी अंडी घालते, कुठल्या दगडाजवळ राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ देतात. ही नावं तशीच्या तशी वहीत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. मालवण तालुक्यात कुडोपीला कातळशिल्पांच्या जागेला लोक बाहुल्यांचा सडा म्हणतात, तज्ज्ञ येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव आहे, म्हणजे गावाला चित्रं माहीतच होती. तुमच्या यादीत असं एक नाव जरी मिळालं तरी अर्धं प्रदर्शन झालं समजा. वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, जागा, कुणी सांगितलं आणि त्याने वापरलेला शब्द, एवढं पाहिजेच. ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली ही वही करायची असते, ती मागून बघा, कधीकधी त्यात आपल्याला न आठवणारी नावं सापडतात.

आता फोटो. इथे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कातळशिल्पाच्या रेघा उथळ असतात, भर दुपारी फोटो काढला तर नुसता करडा दगड दिसतो. सकाळी सूर्य वर आल्यावर पहिला तास-दीड तास किंवा संध्याकाळी शेवटचा तास, ऊन तिरकं पडतं आणि रेघेच्या एका कडेला सावली धरते, तेव्हा चित्र एकदम उठून येतं. लोक काय करतात, रेघा दिसाव्यात म्हणून खडूने किंवा चुन्याने भरतात. कृपा करून हे करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. चुना दगडाच्या भोकांत जाऊन बसतो, आणि मूळ रेघ कुठली आणि आपण ओढलेली कुठली हे पुढच्या माणसाला कळेनासं होतं. पालापाचोळा हाताने किंवा मऊ केरसुणीने बाजूला करा, खरवडू नका, चपला बाहेर काढा. फोटोत एक पट्टी ठेवा, साधी शाळेतली तीस सेंटिमीटरची चालते, आणि पट्टी नसलेला एक फोटो वेगळा घ्या. पायाजवळून तिरका काढलेला फोटो फसवा असतो, माणसाची आकृती उगाच लांबडी दिसते, त्यामुळे शिडीवरून किंवा काठीला फोन बांधून सरळ वरून घ्या. मोठ्या चित्रांना हेही पुरत नाही. आमच्याच तालुक्यातल्या कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या अंगात अजून कितीतरी प्राणी कोरलेत, तो एका फोटोत मावणारच नाही. अशा वेळी तुकड्यातुकड्याने घ्या, एका फोटोचा दोन तृतीयांश भाग पुढच्या फोटोत परत यायला हवा अशा बेताने पुढे सरका, मग फोटोग्रामेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडून थ्रीडी मॉडेल करता येतं, मेशरूम नावाचं फुकट आहे. फक्त यासाठी मात्र तिरकं ऊन नको, ढगाळ दिवस पाहिजे, नाहीतर सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. म्हणजे एकाच शिल्पाला दोनदा जावं लागतं, जा, त्याला इलाज नाही.

ड्रोन उडवायचा असेल तर त्या भागात परवानगी आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर बघा, आणि टिटवीच्या विणीत उडवू नका.

उत्तर दिशा दाखवायला फोटोत बाण ठेवतात, तो होकायंत्र बघून ठेवायचा मोह होतो. पण देवाचे गोठणेच्या सड्यावर जी माणसाची आकृती आहे तिथे होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते, दगडातच चुंबकत्व आहे. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे आम्ही आमच्याकडेही होकायंत्रावर विसंबलो नाही, सॅटेलाइट नकाशावर जागा धरून दिशा काढली.

फुलांचं वेगळं तंत्र आहे. एका फुलाचे किमान चार फोटो लागतात, पूर्ण झाड जमिनीसकट, फूल समोरून, फूल बाजूने, आणि पान. नुसता क्लोजअप सुंदर दिसतो पण त्यावरून जात ओळखता येत नाही, गेंदाच्या म्हणजे एरिओकॉलॉनच्या कितीतरी जाती आहेत आणि पांढऱ्या बटणासारख्या सगळ्या सारख्याच दिसतात. तोडू नका, हातात धरून फोटो नको. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, तिथे जाणकार लोक ओळख पटवतात, दोन-तीन जणांचं एकमत होईपर्यंत प्रदर्शनात ठाम नाव लिहू नका, 'गेंदाची एक जात' एवढं लिहिलं तरी चालतं. गावचं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही द्या, गावचं आधी. सीतेची आसवं हे नाव किती गोड आहे, आणि त्याच झाडाला पाण्यातले बारीक जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात! शेजारीच दवबिंदू, चिकट थेंबांवर किडे धरणारा. कातळावरच्या मातीत नायट्रोजन कमी, म्हणून या झाडांनी किडे खायला सुरुवात केली, एवढं एक वाक्य लिहिलं की फोटोला जीव येतो.

आणि एक काम पहिल्या दिवसापासून सुरू करा, नंतर करता येत नाही. सड्यावर एक ठिकाण ठरवा, उभं राहायचा दगड ठरवा, आणि दर पंधरा दिवसांनी तिथूनच, त्याच दिशेने, तेवढाच उंच फोन धरून फोटो घ्या. मे मध्ये काळा-करडा, तापलेला, मृगाच्या पावसानंतर आठवड्यात दिपकाडीची पांढरी फुलं, जुलैत पाण्याची डबकी, श्रावण-भादव्यात रंग, दिवाळीला पिवळं गवत. चोवीस फोटो एकाखाली एक लावले की ज्याने सडा कधी पाहिला नाही त्यालाही कळतं की ही जमीन मेलेली नाहीये. ज्या अधिकाऱ्याने 'पोटखराबा' लिहिलं त्याने बहुतेक उन्हाळ्यात पाहिली असणार.

आता माणसं. सड्यावर वारा इतका असतो की तिथे केलेलं रेकॉर्डिंग ऐकताच येत नाही, आमचे पहिले तिन्ही आवाज फुकट गेले. पडवीत बसा, पंखा बंद करा, फोन त्यांच्या छातीजवळ एखाद्या डब्यावर ठेवा, हातात धरू नका. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीच बोलू नका, नुसता खोलीचा आवाज घ्या, एडिटिंगला लागतो. मुलाखत घ्यायला आलोय असं वाटलं की माणसं पुस्तकी बोलायला लागतात. त्यापेक्षा हातात वस्तू द्या. इरलं दिलं की आजी आपोआप सांगायला लागतात, ते कशाच्या पानांनी विणायचे, लावणीच्या वेळी पाठीवर कसं घ्यायचं, पोर पाठीशी असेल तर काय करायचं. चिरेखाणीत काम केलेल्या काकांच्या हातात चिरा द्या, ते सांगतील की खाणीतून निघाला की तो मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो, म्हणून लगेच तासून घ्यायचा. भूगोलाच्या पुस्तकात असतं की काळ्या दगडातली सिलिका पावसाने वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि त्याचा जांभा होतो, आम्ही ते पण लिहिलं, पण काकांच्या आवाजाच्या खाली.

परवानगीचा विषय हलका घेऊ नका. रेकॉर्ड करायच्या आधी सरळ विचारायचं, "आजी, तुमचं बोलणं फोनमध्ये धरतोय, नंतर इंटरनेटवर टाकू, कुणीही ऐकेल, चालेल ना? नाव टाकू की नको?" हे विचारलेलं पण रेकॉर्ड करा, तीच तुमची संमती. नंतर तयार झालेला तुकडा त्यांना ऐकवा आणि परत विचारा, कारण माणूस ऐकल्यावर कधीकधी म्हणतो की हे शेजाऱ्यांबद्दलचं वाक्य काढ बाबा. काढायचं. देवाच्या गोष्टी असतील तर गुरव आणि मानकरी यांना विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. आमच्या देवराईतल्या एका जागेचा फोटो आम्ही काढला होता, चांगला आला होता, गावकीत विचारलं तर म्हणाले पालखीचा घ्या, शिमग्याचा घ्या, तिथला नको. नाही टाकला. प्रदर्शन गावाचं आहे, गाव 'नको' म्हणालं की विषय संपला.

जुने फोटो, कागदपत्रं लोकांच्या घरून उचलून आणू नका, त्यांच्याच ओटीवर बसून स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद ठेवून, वरून काढा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असतं, ते पण घ्या.

मजकूर लिहिताना एक साधा नियम आम्हाला फार उपयोगी पडला. प्रत्येक वस्तूखाली तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, डोळ्याला काय दिसतं, गाव काय सांगतं, अभ्यासक काय म्हणतात. हे तिन्ही एका वाक्यात कालवलं की वाचणाऱ्याला कळत नाही कशावर किती भरवसा ठेवायचा. समजा तुम्ही लिहिलंत की 'हे १२,००० वर्षांपूर्वीचं आदिमानवाचं रहस्यमय चित्र', तर त्यात तुमचं काहीच नाही. त्याऐवजी असं बघा, 'चार पायांचा प्राणी, नाकावर शिंग, लांबी अडीच मीटर. गावात याला रेडा म्हणतात. अभ्यासकांच्या मते हा गेंडा असावा, आणि आज कोकणात गेंडा कुठेच नाही.' आता वाचणारा स्वतः विचार करायला लागतो ना? कातळशिल्पांचं वय हा विषय अजून अभ्यासाचा आहे, बरेच अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शिकार करून जगणाऱ्या माणसांच्या काळापर्यंत मागे जातात, तेव्हा 'असावं' हा शब्द वापरायला लाजू नका. साठ-सत्तर शब्दांच्या वर एकही मजकूर नको, लोक फोनवर वाचतात.

श्रेय द्या. रत्नागिरी-राजापूर भागात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले म्हणून ही शिल्पं जगापुढे आली, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक. असं आधी झालेलं काम आपल्या प्रदर्शनात नावानिशी आलंच पाहिजे.

ठिकाण किती उघड करायचं हा प्रश्न येतोच. जी शिल्पं आधीच जाहीर आहेत, जिथे पाटी आणि कुंपण आहे, त्यांचा नकाशा द्यायला हरकत नाही. पण तुम्हाला नवीन काही सापडलं तर आधी पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला कळवा, इंटरनेटवर नंतर. दुर्मिळ आमरी (ऑर्किड), पक्ष्यांच्या विणीच्या जागा, यांचं अचूक ठिकाण कधीच नाही. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती लावली की साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी असं दिसतं. आणि फोटोच्या आतच जीपीएस लपलेला असतो हे विसरू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो निघून जातो पण क्वालिटी पण जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही राहतं. म्हणून आपापसात डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा आणि वेबवर टाकायच्या आधी लोकेशन काढून टाका. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं काय झालं बघा, तोही जांभ्याचाच सडा, २०१२ ला जागतिक वारसा झाला, फोटो सगळीकडे फिरले, आणि शेवटी ऑनलाइन बुकिंग आणि रोज किती माणसं यायची याची मर्यादा घालावी लागली. आमच्या सड्यावर ना कुंपण ना राखणारा, त्यामुळे आम्ही फुलांच्या पानावर गावाचं नाव पण दिलं नाही, फक्त तालुका.

फाइलींना पहिल्या दिवसापासून नीट नाव द्या, साल-महिना-दिवस, जागा, नंबर. मोठ्या संस्था वस्तूंच्या नोंदीला डब्लिन कोअर नावाची पंधरा रकान्यांची पद्धत वापरतात, आपल्याला त्यातले सात-आठ पुरतात, नाव, वर्णन, कुणी केलं, तारीख, ठिकाण, भाषा, हक्क, प्रकार. एका स्प्रेडशीटमध्ये भरा. सगळ्याच्या तीन प्रती, एक लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर दुसऱ्याच्या घरी, एक क्लाउडवर. आमच्यातल्या एकाचा फोन व्हाळात (ओढ्यात) पडला आणि एका अख्ख्या श्रावणाचे फोटो गेले, ते परत काढायला वर्षभर थांबावं लागलं.

कुठे मांडायचं? पैसे नसतील तर गूगल साइट्स, एका दुपारी जमतं. नकाशावर गोष्ट फिरवायची असेल तर स्टोरीमॅप जेएस फुकट आहे. ओमेका हे खास प्रदर्शनांसाठीच केलेलं सॉफ्टवेअर आहे, उत्तम आहे, पण होस्टिंगचा खर्च आणि सांभाळणारा माणूस लागतो, शाळा किंवा कॉलेज बरोबर असेल तरच त्यात पडा. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर संस्थांना जागा मिळते, तुम्हा-आम्हाला एकट्याने नाही. साइट कुठलीही असो, मूळ फोटो आणि आवाज विकिमीडिया कॉमन्सवर ठेवा असं मी म्हणेन, कारण वेबसाइट बंद पडतात, डोमेनचे पैसे भरायला कुणी उरत नाही. फक्त तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचं असं लायसन्स द्यावं लागतं की कुणीही वापरू शकेल, अगदी धंद्यासाठी पण, नाव देऊन. हे आजींना समजावून सांगा आणि त्या हो म्हणाल्या तरच त्यांचा आवाज तिथे टाका, नाहीतर फक्त आपल्या साइटवर.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या डीटीपी फॉन्टमधून कॉपी केलेलं नेटवर कचरा दिसतं आणि सर्चमध्ये येत नाही. फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल आणि २००-३०० केबीच्या आत आणा, कारण ज्या गावाचं प्रदर्शन आहे तिथेच रेंज एका काडीची असते. प्रत्येक फोटोला मागे वर्णन लिहा, न दिसणाऱ्यांचा फोन ते वाचून दाखवतो.

जगाला दाखवायच्या आधी गावाला दाखवा. आम्ही गणपतीत केलं, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, देवळाच्या सभामंडपात पांढरा पडदा लावला आणि शाळेचा प्रोजेक्टर आणला. दोन तासांत चौदा चुका निघाल्या. एका शिल्पाजवळच्या खळग्याचं नाव आम्ही चुकीच्या वाडीचं लिहिलं होतं, एका फोटोतल्या लावणीच्या बायकांमधली तिसरी कोण हे कळलं, आणि मागे बसलेले एक आजोबा उठून म्हणाले की पलीकडच्या सड्यावर अजून दोन चित्रं आहेत, लहानपणी आम्ही त्यावर बसून भाकऱ्या खायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांना घेऊन आम्ही तिकडे गेलो, पट्टी बरोबर होती.